पहिल्या पाण्याची बाटली

अन्याय झाला तो माझ्या घरमालकांवर, ज्यांना मी काका म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोवर, म्हणजे काकूंवर. कधी झाला तेही सांगते, कारण आमच्या कॉलनीत हल्ली असं काही झालंच नव्हतं असं म्हणायची पद्धत पडली आहे. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा ते पावणेबारा, मंदिराशेजारच्या हॉलमध्ये. समोसे होते. चहा दोनदा फिरला. आणि एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली ऊब काढून घ्यायचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

हे करणाऱ्यांत मीही आहे. ही गोष्ट शेवटासाठी राखून ठेवली असती तर लेख जास्त रंगला असता. पण रंगवण्याची हौस एकदा महागात पडली आहे. मला नाही, त्यांना.

काका आयुष्यभर भोपाळमधल्या बरखेड्याच्या मोठ्या सरकारी कारखान्यात बॉयलर आणि पाईप बघत आले. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि थोडं पलीकडे आमच्या कॉलनीत घर बांधलं. खाली दोन खोल्या, वर एक. वरची मी भाड्यानं घेतली. काका ग्वाल्हेरचे, काकू नागपूरच्या. त्यामुळे त्या घरात दोन तऱ्हेची मराठी आणि दोघांची मिळून एक हिंदी बोलली जायची, आणि भांडण नेहमी हिंदीत व्हायचं.

खोली बघायला गेले तेव्हा जानेवारी होता. भोपाळची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघावा. त्या घरात मात्र मी दारातच मफलर सोडला. भिंतीला लागून, गुडघ्याच्या उंचीवर, लोखंडी नळ्यांच्या जाळ्या बसवल्या होत्या. एकीतून दुसरीत पाईप जात होता, आणि तो पाईप मागच्या अंगणात एका भल्यामोठ्या तांब्याच्या बंबाला जोडलेला होता. बंब काकांच्या आईचा. त्याच्या पोटात काकांनी वेटोळं घालून पाईप बसवला होता. खाली लाकडाचे ढलपे जळायचे, पाणी तापून पाईपातून वर चढायचं, घरभर फिरायचं, थंड होऊन परत बंबात यायचं. पंप नव्हता.

“गरम पाणी आपोआप वर जातं,” काका म्हणाले. “त्याला ढकलावं लागत नाही. काय करता तुम्ही?”

मी सांगितलं, एका संघटनेत आहे, पाण्याच्या प्रश्नावर पत्रकं लिहिते, सह्या गोळा करते.

“म्हणजे ढकलायचं काम,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी त्या घरात ‘नेताजी’ झाले.

नळ्यांच्या त्या जाळ्यांना काकू फासळ्या म्हणायच्या. घरात एकूण पाच फासळ्या. चार खाली, एक माझ्या खोलीत. आधीच्या भाडेकरूच्या वेळी ती नव्हती. मी शिंकते हे खालून ऐकू आल्यावर काकांनी दोन दिवसांत ती चढवली आणि वर बजावलं की हिच्यावर मोजे वाळत घालायचे नाहीत. मी घातले. त्यांना खालूनच कळलं. फासळ्यांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावून ते ऐकत बसायचे, डॉक्टरसारखे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे समजायला काकूंचे हात बघावे लागतात. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि अर्ध्या बरखेड्याला त्यांनी अक्षर वळवायला शिकवलं होतं. मग संधिवात झाला. बोटांचे सांधे सुजले. खोली उबदार असली की बोटं मिटायची, पेन धरता यायचं, भाजी चिरता यायची, वेणी घालता यायची. गारठा शिरला की हात उघडाच राहायचा, पंजासारखा. बिजलीचा हीटर एकाच बाजूनं भाजतो आणि डोकं दुखवतो, म्हणून काकांनी फासळ्या बसवल्या. ‘बायकोसाठी केलं’ असं ते कधी म्हणाले नाहीत. कोणी विचारलं तर सांगायचे, भंगारात चांगले पाईप मिळाले होते.

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. चुंबक असायचा. जुन्या स्पीकरमधून काढलेला, भाकरीच्या गोळ्याएवढा, जड, त्यामुळे खिसा कायम एका बाजूला ओढलेला. दिसेल त्याला ते चुंबक लावून बघत. भाजीवाल्याच्या वजनाला, नव्या भांड्याला, मुलीच्या सासरहून आलेल्या समईला. कॉलनीच्या मंदिराला कुणीतरी पितळी घंटा दान केली तेव्हा आरती चालू असताना त्यांनी चुंबक लावला, आणि तो चिकटला. वर नुसता मुलामा होता. दान करणारे आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष होते. काका चुंबक तसाच घंटेला लटकवून प्रसादाच्या रांगेत उभे राहिले. अध्यक्षांनी ते विसरायचं नाव घेतलं नाही.

माणसांबद्दलही त्यांची एक तपासणी होती. फासळीत गाळ साठला की ती वरून गरम लागते आणि खालून थंड, कारण गाळ तळाशी बसतो आणि पाणी वरच्या वर फिरून निघून जातं. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात हात लावून दाखवलं. मग कुणी नेता टीव्हीवर गहिवरून बोलायला लागला की काका म्हणायचे, “वर गरम, खाली थंड.” अध्यक्षांबद्दल तेच, जावयाबद्दल तेच. माझ्याबद्दल काय मत आहे, असं मी एकदा विचारलं.

“तू अजून नवीन पाईप आहेस बेटा,” ते म्हणाले. “दोन-तीन हिवाळे जाऊ दे.”

दोनच लागले.

तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या रविवारी फासळ्या धुवायच्या, हा त्या घराचा नेम होता. त्या दिवशी स्वयंपाक नसायचा, पोहे आणि शेव. आदल्या रात्रीपासून बंब थंड. सकाळी काका सगळ्यात खालच्या तोटीला रबरी नळी लावायचे, टोक निळ्या बादलीत. बादलीची मूळची कडी तुटलेली, म्हणून तांब्याच्या तारेची वळलेली कडी होती. तोटी उघडली की आधी काहीच यायचं नाही. मग गुरगुर, मग एक उचकी, आणि मग शाईसारखं काळंकुट्ट पाणी. वर्षभर तेच पाणी त्याच लोखंडातून फिरून ते झिजवतं आणि त्याची भुकटी घेऊन फिरतं. काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा नातू बघितल्यासारखा आनंद असायचा.

“काळं आलं म्हणजे पाईप नीट आहे,” ते सांगायचे. “लाल आलं तर घाबरायचं. लाल म्हणजे कुठूनतरी हवा शिरतेय, गंज चढतोय.”

मग लाकडी हातोडीनं एकेक फासळी ठोकायची, उलट्या बाजूनं पाणी सोडायचं, परत ठोकायची. नंतर लिंबाचं सत घातलेलं पाणी तासभर, त्यावर सोड्याचं, आणि शेवटी साधं, ते पिण्यासारखं स्वच्छ येईपर्यंत. तेजाब, म्हणजे ॲसिड, त्यांनी कधी वापरलं नाही. कारखान्यात तेजाबानं धुतलेले पाईप कसे फुटतात ते त्यांनी बघितलं होतं. काळं पाणी नाल्यात जायचं नाही. ते पिंपात साठवून भुकटी खाली बसू द्यायची, वरचं नितळ पाणी अंगणातल्या कर्दळीला, आणि सुकलेली भुकटी जवसाच्या तेलात कालवून गेटला रंग म्हणून. गेट दरवर्षी त्याच रविवारनंतर काळं व्हायचं.

पण सगळ्याच्या आधी पहिल्या पाण्याची एक बाटली भरायची. शरबताची काचेची बाटली. तिच्यावर काकू कागद चिकटवून वर्ष लिहायच्या आणि खाली एक ओळ, शाळेतल्या फळ्यावर असावी तशा अक्षरात. ‘काळं, बारीक. थंडी लवकर आली.’ ‘मोठ्या फासळीत गाळ जास्त. धाकटीला मुलगी.’ अशा अकरा बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं होत्या. काका म्हणायचे ते पाईपांचं रेकॉर्ड आहे. काकू म्हणायच्या, “काय रेकॉर्ड अन् काय. वर्षातून एक दिवस हा माणूस मला लिहायला सांगते.”

आता पत्रकाचं.

कॉलनीमागच्या नाल्यात काळं पाणी येत होतं. वर्षातून एक रविवार नव्हे, आठवड्यातून तीन-चारदा. तेलकट, उग्र वासाचं. या शहरात पाण्याचा रंग बदलला की लोक घाबरतात, आणि त्याला कारण आहे, ते मी भोपाळकराला सांगायला नको. नाल्याच्या वरच्या अंगाला एक गोदाम आहे. मंडीदीपच्या कारखान्यांकडून येणारे जुने केमिकलचे ड्रम तिथं धुऊन विकले जातात. जागा अध्यक्षांच्या मेहुण्याची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, म्हणून मी पत्रक काढायचं ठरवलं.

गोदामाचं नाव घातलं तर समिती पाठिंबा देणार नाही, म्हणून नाव घातलं नाही. मथळा केला, ‘हे काळं पाणी कुणाचं?’ आम्हाला शिकवलं आहे की मथळ्यात प्रश्न हवा आणि प्रश्नाखाली फोटो. नाल्याचा फोटो काही केल्या नीट येईना. उन्हात ते पाणी करड्या रंगाचं दिसायचं. माझ्या मोबाईलमध्ये आदल्या वर्षीचा एक फोटो होता. बादलीत काळं, चमकणारं, भीती वाटेल असं पाणी. काकांच्या निळ्या बादलीतलं.

तो मी लावला. जवाहर चौकातल्या दुकानात पत्रकाच्या प्रती काढताना दुकानदार म्हणाला, “मॅडम, फोटो एक नंबर आहे.” मला बरं वाटलं.

पत्रक घरोघर गेलं, मग प्रत्येकाच्या मोबाईलवर गेलं. तारेच्या कडीची निळी बादली कॉलनीत एकच आहे. मी प्रश्न विचारून उत्तराची जागा रिकामी ठेवली होती. त्या जागेत दोन दिवसांत काकांचं नाव भरलं गेलं. अध्यक्षांनी भरलं असं मी म्हणत होते बरेच दिवस. भरायला जागा कुणी ठेवली?

मग तो रविवार. फासळ्या धुवायचाच रविवार होता. तोटी उघडायची सोडून काका हॉलमध्ये आले. धुतलेला शर्ट, एका हातात दोन बाटल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. अध्यक्ष बोलले. घरात बेकायदा बॉयलर आहे, उद्या फुटला तर जबाबदार कोण, लहान मुलं आजारी पडत आहेत, आणि पुरावा म्हणून त्यांनी माझंच पत्रक वर धरलं. कुणीतरी मागून म्हणालं की इतक्या वर्षांत आपल्याला कसं कळलं नाही. ज्याच्या घरी दरवर्षी त्याच रविवारी काकूंकडून पोहे जायचे, तोच म्हणाला.

काका उठले. भाषण केलं नाही. टेबलावर पहिली बाटली ठेवली, आदल्या वर्षीची, काकूंच्या अक्षरातली, आणि काचेला चुंबक टेकवला. तळाचं काळं हललं, काचेकडे सरकलं आणि चुंबकामागोमाग वर चढलं, मिशीसारखं उभं राहून. मागचे लोक उठून बघायला लागले. मग त्यांनी दुसरी बाटली ठेवली. ती त्यांनी पहाटे नाल्यातून भरली होती. चुंबक लावला, खालून वर नेला, सगळीकडे फिरवला. त्यातलं काळं जागचं हललं नाही.

“माझ्या घरचं काळं लोखंडाचं आहे,” काका म्हणाले. “नाल्यात लोखंड नाही. जे आहे ते दुसऱ्याचं आहे. वरच्या अंगाला जाऊन भरा बाटली, एवढंच म्हणणं आहे.”

त्या क्षणी ते जिंकले होते. मी शपथेवर सांगते. पण पुढच्या रांगेतून आवाज आला, “काका, मदारी का खेल अच्छा है,” आणि लोक हसले. घाबरलेल्या लोकांना हसायला मिळालं की ते पटकन एका बाजूचे होतात. अध्यक्ष म्हणाले, प्रयोग राहू द्या, फोटो तर तुमच्याच बादलीचा आहे ना.

तेव्हा काका माझ्याकडे वळले. रागानं नाही. फासळी कुठं अडली आहे हे विचारावं तसे.

“बेटा, हा फोटो कधीचा आहे, ते सांग यांना.”

मला सांगायचं होतं की फोटो वर्षापूर्वीचा आहे, अंगणातला आहे, ते पाणी नाल्यात गेलंच नाही, कर्दळीला गेलं. चार वाक्यं. पण दुसऱ्या दिवशी मला समितीच्या लेटरहेडवर नाल्याबद्दलचं निवेदन महापालिकेत न्यायचं होतं. पत्रकातला फोटो नाल्याचा नव्हता हे कळलं असतं तर पत्रक गेलं असतं, मोहीम गेली असती आणि माझं नाव गेलं असतं. मी उभी राहिले.

“फोटो प्रातिनिधिक आहे,” मी म्हणाले.

काकांनी मान हलवली, जणू एखादं माप बरोबर निघालं. बाटल्या उचलल्या आणि गेले.

ठराव असा होता की परिसरात काळं पाणी सोडणारी कुठलीही यंत्रणा आठ दिवसांत काढावी, नाहीतर समिती बोअरचं कनेक्शन तोडेल. ‘कुठलीही’ हा शब्द पुढे गोदामावरही चालवता येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सातवी सही माझी आहे. गोदामावर तो शब्द कुणी आजवर चालवलेला नाही. माझं निवेदन लेटरहेडवर गेलं आणि कुठल्यातरी फाइलीत पडून आहे.

कटर मशीन घेऊन माणसं पाठवतो, असा निरोप समितीनं धाडला. काकांनी नको म्हणून कळवलं. दुसऱ्याच्या हातानं कापलं की सांधे फाटतात, म्हणाले. त्यांनी स्वतःच पाने-पकडी घेऊन तीन दिवसांत सगळं उतरवलं. आधी पाणी काढलं, नेहमीसारखं बादलीत, मग पिंपात. पहिल्या पाण्याची बाटली भरली. प्रत्येक जोड सोडवून, पुसून, कापडात गुंडाळून पलंगाखाली ठेवला. माझ्या खोलीतली फासळी काढायला वर आले तेव्हा मी मदतीला पुढे झाले.

“राहू द्या मॅडम,” काका म्हणाले.

त्यानंतर मी नेताजी झाले नाही, बेटाही नाही.

डिसेंबरात काकूंची बोटं उघडीच राहिली. एका संध्याकाळी मी खाली गेले तर त्या स्वयंपाकघरात बसून होत्या, समोर बारावी बाटली, कागद चिकटवलेला, पेन टेबलावर. पेन त्यांनी दोन्ही पंजांत धरून बघितलं असावं, कारण कागदावर एक तिरकी रेघ होती, अक्षराच्या सुरुवातीची. मी म्हटलं, काकू, मी लिहू का? काका शेजारच्या खोलीतून म्हणाले, नको. तेवढंच.

काकूंना माझा राग आला नव्हता, हे मला सगळ्यात जास्त सहन होत नाही. जानेवारीत त्यांना बहिणीकडे नागपूरला न्यायचं ठरलं. रिक्षात बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. “पोरी, वर गारठा लागत असन तुला,” म्हणाल्या. “माझी रजई कपाटात आहे, ती घेजो.”

घराला कुलूप आहे. मी वर राहते. खिडकीत बारा बाटल्या आहेत, अकरांवर अक्षर, एकीवर रेघ. खिडकीच्या गजाला काका चुंबक लावून गेले आहेत, बाहेरच्या बाजूनं, हात पोचेल असा. कुणासाठी, ते बोलले नाहीत. गेटला या वर्षी रंग लागलेला नाही. नाला काळा आहे. घरात कुणी नाही, बंब थंड आहे, आणि नाला तरीही काळा आहे, आठवड्यातून तीन-चारदा, हे सगळ्या कॉलनीला रोज दिसतं आणि नाक दाबून सगळे पुढे जातात.

तर आता ज्यांनी त्या रविवारी सही केली, त्यांच्याशी बोलते. तुम्ही कोण ते मला माहीत आहे. कागदाची प्रत माझ्याकडे आहे. घरातली एक रिकामी बाटली घ्या. नाल्यावर जा आणि स्वतःच्या हातानं भरा. मग काकूंच्या खिडकीपाशी या. चुंबक तिथंच आहे. तो काचेला लावा आणि नीट बघा, काही हलतंय का. नाही हलत. तेव्हा वर या, कागदावर तुमच्या नावावर काट मारा आणि त्याखाली लिहा की आम्ही चुकलो, परत या. पहिली काट माझ्या नावावर आहे, दिसेल तुम्हाला. तो कागद मला नागपूरला पाठवायचा आहे, यंदाच्या तुळशीच्या लग्नाच्या आत, म्हणजे थंडीच्या आधी पाईप परत जोडता येतील आणि काकूंना ती रेघ पुरी करता येईल.

बाटली आणा.